धुऱ्यावरची बारावी बाटली

माहं माहेर पातूरकडलं. अकोल्याच्या खालच्या अंगाले, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, तिकडं ज्वारी अन् कापसाची पऱ्हाटी अन् रानात सीताफळं, संत्र्याचं झाड म्हून मी लग्नापावतर डोळ्यानं पायलं नव्हतं. बाप रोजानं जाये, माय रोजानं जाये, मले तिसरीपावतर शाळेत घातलं, मंग पाठचा भाऊ झाला, त्याले सांभाळाले घरी कोणी नव्हतं म्हून शाळा सुटली. पण आकडे काही सुटले नाई. शंभराच्या पुढचेही मले लिवता येत, बेरीज येये, अन् गावातल्या बाया हासत, का व पारबते, आकडे काय वरणात टाकशीन का? त्याच आकड्यानं पुढं मले काम भेटलं अन् त्या कामानं आमच्या घरात जे झालं ते झालं, काय सांगू तुमाले, तिसरीत असताना कोणी आधी सांगितलं असतं तं मी पाटीच फोडली असती.

धम्मदीक्षेच्या आदल्या साली लग्न झालं अन् मी इकडं मोर्शीच्या बाजूले आली. बंडीतून पायतच राहिली, जिकडं तिकडं संत्र्याचे बगीचे, हिरवे गच्च, खाली सावली, मनात म्हणलं चला, आता सावलीत तं काम करू. कायची सावली भाऊ. निंदणाऱ्या बाईच्या पाठीवर ऊन बरोबर येते. आमचे हे अमरावतीले कापसाच्या जीनात कामाले होते, अजून हायेत, पंधरा दिवसाले एक खेप घरी येत, म्हून घरात आमी तिघंच, मामाजी म्हंजे माहे सासरे, मामीजी म्हंजे सासू, अन् मी. मंग पोरगा झाला तं चार.

मामाजीनं त्याच जीनात वीस वर्स पाठीवर कापसाचे बोजे वायले होते. त्या पाठीच्या कमाईवर त्याहीनं दोन एकर वावर घेतलं, गावाच्या शेवटाले, पाटलाच्या बगीच्याले लागून, पडीक, नुसतं गोटाड. त्यात इहीर खणली, स्वतः, टिकास घेऊन, तीन उन्हाळे, खाली बुढा खणे अन् वर बुढी टोपल्यानं माती ओढे. अन् आमी सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्याहीनं संत्र्याच्या साठ कलमा आणून लावल्या. आमच्या वस्तीत आजवर कोणाचा बगीचा नव्हता. दुसऱ्याच्या झाडाले आमच्या लोकाहीनं पाणी देलं, आळे केले, फळं तोडून पेट्या भरल्या, पण हे झाड माहं असं म्हणाले कोणाजवळ एकही झाड नव्हतं, मामाजीजवळ एकदम साठ झाले. रोज सकाळी ते झाडाझाडाजवळ जात, मोजत, मले बलावून म्हणत, पारबता, तू मोज, माही मोजणी कच्ची हाय. साठचे साठच भरत, तरी त्याहीले आयकाचं राहे.

गावाले ते आवडलं नाई. आमी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गावकीचे कामं सोडले, अन् वरून संत्रा लावला, मंग खुपणारच. तोंडावर कोणी भांडे ना, पण धुऱ्यानं, म्हंजे दोन वावराच्या मधातल्या बांधानं, जाता जाता म्हणत, बुढ्या, संत्रा लय पाणी मांगते बरं, हे पऱ्हाटी नव्हे. मामाजी म्हणत, मांगू द्या, देईन. दोनदा कुंपणाच्या काट्या ओढून कोणीतरी आत ढोरं सोडली. तवापासून मामाजीनं बगीच्यातच राहाले खोपडी बांधली, काठी घेतली, अन् रस्त्याकडं तोंड करून बसाले लागले. जेवण मी तिथंच नेऊन देत जावो. त्याहीले एकच भेव होतं, माणसाचं.

सहाव्या साली झाडं पयल्यांदा आंबिया बहाराले आली. लहान लहान हिरवी फळं धरली, पानाआड लपलेली, मामाजी त्याले हात लावू देत ना. म्हणत, नजर नोका लावू, अन् स्वतः दिवसभर पायत राहात.

त्याच साली पोळ्याच्या सुमाराले अकोल्याहून शेतकी खात्याचा सायब आला. तरणाच होता, पुण्याकडला, बोलणं मऊ, आमचं बोलणं आयकलं का आधी दचके, त्याले वाटे आमी भांडूनच राहिलो. त्यानं पाटलाच्या बगीच्यात बारा बाटल्या टांगल्या. काचेच्या बाटल्या, तोंडातून आत कापसाची वात सोडलेली, वातीले एक उग्र वासाचं तेल, बुडाशी औषधाचं पाणी. एक नंबर नाल्याकाठी, तिथून ओळीनं दोन, तीन, चार, अन् बारावी धुऱ्यावरच्या झाडाले. धुऱ्याच्या अलीकडं पाटील, पलीकडं आमी. सायब म्हणे, बाई, एक नवी फळमाशी या बाजूला आली आहे, बाहेरच्या फळांच्या पेट्यांतून आली असेल, नाल्यापलीकडच्या पेरूंच्या बागा तिनं खाल्ल्या, आता ती संत्र्यावर येते का ते बघायचं आहे. मी म्हणलं, मंग बाटलीत पकडून मारून टाका तिले. तो हासला. म्हणे, या वासाला फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी येतच नाही, बाटली माशी संपवत नाही, बाटली नुसती खबर देते.

ती खबर मोजाले त्याले माणूस पाह्यजे होतं. पाटलाच्या गड्याहीले आकडे येत नव्हते अन् ज्याहीले येत होते ते म्हणत, आता आमी काय माश्या मोजाव? पाटील म्हणे, ते धुऱ्यापलीकडच्या बुढ्याची सून शिकेल हाय, तिले इचारा. पाटील तसा वाईट माणूस नव्हता, मी खोटं काहून बोलू. तवा मले काम भेटलं. दर शुक्रवारी बारा बाटल्या उतरवाच्या, पाणी फडक्यातून गाळाचं, माश्या मोजाच्या, पोष्टाच्या कार्डावर नंबरासमोर आकडा लिवून अकोल्याले धाडाचा. सरकारची पेन्सिल माह्या आंबाड्यात खोचलेली राहे. मी मिरवली भाऊ त्या पेन्सिलीनं, आता लपवून काय फायदा.

आता गळ म्हंजे काय ते सांगते, नाई तं पुढचं तुमाले समजणार नाई. पिकाच्या आधी काही फळं आपोआप खाली पडतात, ती गळ. अन् आमच्याकडं गळ बायाहीची. मालक झाडावरचं पायते, खालचं पायत नाई. निंदाले गेलेली बाई संध्याकाळी लुगड्याच्या ओट्यात गळ भरून घरी नेई, सडलेलं अर्धं बकरीले, चांगलं अर्धं लेकराले, हे माह्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. त्याले कोणी मांगून घेत नाई, तो हक्क. सायबानं मले बाराव्या बाटलीपाशी उभं करून सांगितलं, एकटीलेच सांगितलं, का बाई, ही माशी फळात अंडी घालते, आत अळी होते, फळ खाली पडलं की अळी मातीत उतरते, मातीत कोष करते, आणि माशी होऊन वर येते, म्हणून पडलेलं फळ कोणी घरी न्यायचं नाही, सगळं गोळा करून कंबरभर खोल खड्ड्यात पुरायचं, वर चुना. अन् बायाहीले समजवाचं काम मलेच देलं.

मी समजवाले गेली तं बाया अंगावर आल्या. खाची वस्तू मातीत गाडतं का व? पेन्सिल काय खोचली, सरकारच झाली तू. मीही काही कमी तोंडाची नव्हती, भांडण झालं, शेवटी असं ठरलं का चांगली गळ त्याहीची अन् सडलेली, किडलेली माह्या टोपल्यात. रोज संध्याकाळी एक टोपलं भरे. आता पाटलाच्या त्या गोटाड जमिनीत कंबरभर खड्डा एकटी बाई कशी खणन? अन् आमच्या झाडाले खत नव्हतं. घरी एक बकरी, गाय नाई, बैल नाई, झाडं पयल्यांदा फळाले आलेली अन् पानं पिवळी पडून राहिलेली. माह्या मनात आलं, पुराचंच हाय तं पाटलाच्या मातीत काहून पुराव, आपल्या झाडाच्या आळ्यात पुरू, झाडाले खत होईन. सायबाचंही झालं, आपलंही झालं. आळ्यात वीतभर उकरलं, गळ टाकली, माती देली, पायानं दाबली. चुना होता कुठं. आज हे दोन झाडं, उद्या ते दोन झाडं, असे महिनाभर, साठीच्या साठी झाडाले पुरवून देलं. मामाजी खोपडीत रस्त्याकडं तोंड करून बसलेले, त्याहीले वाटे सून आळे सारखे करून राहिली. त्या वक्ती मले वाटे, मी लय हुशार.

पयल्या शुक्रवारी एक नंबरात तीन माश्या निघाल्या. तांबूस अंग, पिवळे पट्टे, कंबर बारीक, गांधीलमाशीची लहान पोरगी जशी. बाकीच्या अकरा बाटल्या रिकाम्या. दुसऱ्या शुक्रवारी एकात अकरा, दोनात चार. तिसऱ्या शुक्रवारी तीन नंबरात दिसल्या. ती चालून येऊन राहिली होती, ओळीनं, झाडामागून झाड, अन् मी तिचं एक एक पाऊल मोजून कार्डावर लिवून राहिली होती. सायबाचं उलट कार्ड येये, मोजत राहा. बस एवढंच, मोजत राहा. मी नाल्याकडच्या झाडाखाली जाऊन पायलं, फळावर सुई टोचल्यावानी एक बारीक ठिपका, भोवती पिवळं कडं, वरून फळ चांगलं, हातात जड. फोडलं तं आत पांढऱ्या अळ्या. एक अळी हातावर घेतली, तिनं अंगाची वेटोळी केली अन् टणकन उडी मारली, थेट माह्या लुगड्यावर. मी किंचाळली नाई पण घरी येऊन ते लुगडं दोनदा धुतलं.

पाटलाचे गडी म्हणाले लागले, या बाटल्याच माश्या बलावून राहिल्या, वासानं आणल्या हिनं. मी कान देला नाई. मले दिसे फक्त नंबर. पाच झाला. सहा झाला. दसऱ्यापावतर सात. सातपासून बारा काही दूर नाई, अन् बारापासून आमचं पयलं झाड म्हंजे धुरा ओलांडला का झालं. मामाजीले सांगितलं तं ते म्हणे, माशीनं काय होते व, माशी तं गुळावरही बसते, तू माणसाकडं ध्यान दे, काल पुन्हा दोघं जण कुंपणाजवळ उभे होते. मी धुऱ्यावर कडुनिंबाचा पाला पेटवला, धूर केला, शेणाचा धूर केला. गुरुवारी जेवण गोड लागे ना. मामीजी म्हणे, दिवस गेले का तुले? मी म्हणलं, नाई जी, बाटली मोजाची हाय उद्या. बुढी माह्याकडं पायतच राहिली.

दिवाळीले पंधरा दिवस राहिले तवा आमच्या फळाले रंग चढाले लागला. हिरव्यात पिवळा, पिवळ्यात केसरी. मामाजीनं एकही फळ तोडलं नव्हतं, म्हणत, पयलं फळ वस्तीतल्या लेकराहीले वाटू, मंग बाजार. त्या शुक्रवारी मी नाल्यापासून सुरू केलं. सातात तीस. आठात दोन. नवात काही नाई. दहा रिकामी. अकरा रिकामी. मले एवढं हलकं वाटलं भाऊ, म्हणलं थांबली, थांबली ही भवानी. अन् बारावी बाटली उतरवाले हात वर केला तं बाटली काळी दिसली. पाणी दिसे ना. फडक्यावर ओतली, मोजली, चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजली, पुन्हा चौऱ्याऐंशी. तिथंच धुऱ्यावर बसली मी. मले वाटलं कोणीतरी मुद्दाम आणून टाकल्या, आमच्यावर जळणारा कोणीतरी. तेच कार्डावर लिवलं, बारात चौऱ्याऐंशी, अन् खाली लिवलं, कोणी टाकल्या असन.

तिसऱ्या दिवशी सायब मोर्शीहून सायकल घेऊन आला. एक नंबरापासून बारापावतर एकेक बाटली पाहात पायी चालला. बारापाशी थांबला. मी म्हणलं, सायब, हे उडी मारून कशी आली? तो म्हणे, ती उडी मारत नाही बाई, ती जवळून येते. नऊ, दहा, अकरा रिकाम्या आहेत म्हणजे ही नाल्याकडून आलेली नाही. अन् मंग धुऱ्यापलीकडं पाहून त्यानं इचारलं, तिकडं काय आहे? मी म्हणलं, आमची साठ झाडं. हे बोलता बोलताच मले समजलं. कोणी सांगाची गरज नाई राहिली.

तरी तो आत आला. पयल्याच झाडापाशी बसला, खुरपं मांगितलं, आळं उकरलं. माती भुसभुशीत, तिच्यात सडलेल्या संत्र्याच्या साली अन् सालीखाली गव्हाच्या दाण्यावानी तांबूस कोष, मूठभर निघाले. काही फुटलेले, रिकामे. त्यानं दुसरं झाड उकरलं, तिसरं उकरलं. मंग झाडावरचं एक फळ हातात घेऊन फिरवलं, बारीक ठिपका होता. त्यानं माह्याकडं पायलं. इचारलं नाई. अन् मी सांगितलं नाई. गळ पुराचं त्यानं गावात एकाच माणसाले सांगितलं होतं अन् ते माणूस त्याच्यासमोर उभं होतं.

तो मामाजीजवळ गेला, खाली बसून सांगितलं, बाबा, झाडावरची सगळी फळं आजच उतरवून पुरावी लागतील, पिकलेलं, कच्चं, सगळं, आणि आळ्यांची माती खोल उलटावी लागेल. मामाजी उठले. एवढा म्हातारा माणूस पण एकदम उभा झाला. म्हणे, सायब, कोणी शिकवलं तुमाले? तोवर पाटलाले कोणीतरी खबर देली होती, पाटील आला, मांगं चार गडी, दोघाच्या हातात कुऱ्हाडी. पाटलाची नऊ नंबरापासून पुढची झाडं साफ होती, फळ दहा-पंधरा दिवसात तोडाचं होतं, तोही घाबरलेलाच होता. म्हणे, बुढ्या, फळं उतरव, नाई तं झाडंच तोडतो. सायब मधात पडला, म्हणे, झाडाला हात लावायचा नाही, फक्त फळं. पण मामाजीच्या कानावर काही जाये ना. काठी दोन्ही हातात धरून म्हणे, सहा साल झाले, ढोरं सोडून पायली, काट्या ओढून पायल्या, आता माशी घेऊन आले का? एका फळाले हात लागला तं एकाचं डोकं फुटन, माहंही फुटू द्या. गड्याहीतला एक हासला. तेवढ्यात वस्तीकडून आमचे चार-पाच जण पळत येताना दिसले, त्याहीच्याही हातात काठ्या. मले साफ दिसलं, अजून थोडा वेळ गेला का इथं रगत सांडन. माह्या एका टोपल्यापायी.

मी डोक्यावरचा पदर ओढला अन् मामाजीचा हात धरला. सासऱ्याचा हात सून धरत नाई, पण मी धरला. ओढतच इहिरीच्या मांगं नेलं. म्हणलं, मामाजी, कोणी काही केलं नाई. मी केलं. पाटलाच्या बगीच्यातली सडकी गळ मी आपल्या आळ्यात पुरली, खत म्हून. मले वाटलं आता काठी माह्याच डोक्यात बसते, अन् बसावं असंच वाटलं. त्याहीनं एकच इचारलं, कितीक झाडाले? मी म्हणलं, साठीले. त्याहीनं काठी इहिरीच्या काठाले टेकवून ठेवली. म्हणे, लेकरू खोपडीत एकटं हाय, तू तिकडं जा. अन् ते चालत गेले सगळ्याहीच्या समोर, आमचे लोकही तोवर आले होते, मामीजीही आली होती, अन् म्हणे, सायब, पाटील, ऐका, गळ मी पुरली. माह्या हातानं. खत होईन म्हून पुरली. कोणाचा दोष नाई.

मी खोपडीच्या दाराशी उभी होती. सायबानं माह्याकडं पायलं, मंग खाली पायलं. मी बोलली असती तं तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. मंग लेकराले उचललं अन् आत गेली.

खड्डा मामाजीनंच खणला. इहीर खणणारा माणूस, खड्डा त्याले जड नव्हता, पण मधात मधात टिकास टाकून ते उभे राहात. आमी बायाहीनं फळं उतरवली. टोपल्यामागून टोपली, अर्धी हिरवी अर्धी केसरी, सगळा बगीचा वासानं भरला. मधातल्या एका झाडाचं एक फळ मामाजीनं हातात घेतलं अन् सोललं. साफ निघालं. एकही ठिपका नाई, एकही अळी नाई, फोडी रसानं भरलेल्या. त्याहीनं ते चहूकडून पायलं, सालीत पुन्हा गुंडाळलं अन् खड्ड्यात ठेवलं. फेकलं नाई, वाकून ठेवलं. वर चुना पडला.

झाडं जगली. पाटलाचीही वाचली. पण त्या दिवसापासून गावानं मामाजीचं नाव बदललं, अळीबुढा. आधी पाटलाचे गडी म्हणत, मंग सगळं गाव, मंग आपल्याच वस्तीतले पोट्टे. वस्तीची बैठक बसली, तिथं एक जण उभा राहून म्हणे, एका बुढ्याच्या अडाणीपणानं सगळ्या समाजाचं नाक कापलं, आता गाव म्हणते याहीले बगीचा जमत नाई. मामाजी मान खाली घालून बसलेले. मी बायाहीत बसलेली, पदर तोंडावर. मी उठली नाई. पुढच्या बैठकीले उठीन म्हणलं, त्याही बैठकीले उठली नाई. दोन सालानं चांगला बहार आला, व्यापारी बगीचा पाहाले आला, गावात इचारलं तं कोणीतरी म्हणे, हा अळीबुढ्याचा का? तो बंडीतून उतरलाच नाई. ते फळ आमी टोपल्यानं बाजारात बसून इकलं.

अन् घरात मामीजी. तिनं ती इहीर टोपल्यानं वर काढली होती, तिचं बोलणं काही चूक नव्हतं. भाकर वाढताना म्हणे, खा, पुरून नोको ठेवू. बुढा मरेपावतर तिनं त्याले सोडलं नाई. ते आयकून घेत, माह्याकडं पायतही नसत, मी त्याहीच्या ताटाजवळ पाणी ठेवून बाजूले होत जावो. एकदा, एकदाच, मी म्हणलं, मामाजी, मी सांगू का मामीजीले? ते म्हणे, तुले अजून या घरात पन्नास साल काढाचे हायेत, मले किती राहिले? दोन सालामांगं गेले ते. माती देताना कोणीतरी मांगं हळूच म्हणलं, अळीबुढा गेला. तेही मी आयकलं.

आता तुमी बाटल्याचं काम कसं चालते ते पेपरात लिवाले आले, मी अजून मोजते, आता बारा नाई, चाळीस बाटल्या हायेत, चार गावच्या. ते सगळं सांगीन. पण काल माहा पोरगा शाळेतून रडत आला, नऊ-दहा वर्साचा हाय, म्हणे, माय, मास्तरनंही मले अळीबुढ्याचा नातू म्हणलं. मी रातभर जागी होती असं नाई म्हणत, झोपली, पण सकाळी उठली तं ठरवूनच उठली.

त्याहीचं नाव तुळशीराम. ते लिवा. तुळशीरामनं गळ पुरली नाई, पारबतानं पुरली, सुनेनं, असं लिवा, अन् मी वाचून पायीन, मले वाचता येते. आमच्या ह्याहीले हे ठाऊक नाई, ते शनिवारी येतीन, त्याहीलेही वाचून दाखवीन, मंग मले ठेवतीन का काढून देतीन ते त्याहीचं. मामाजीले शांती भेटो. अन् भाऊ, मी काही हळू बोलून राहिली नाई. तिकडं चुलीपाशी मामीजी बसल्या हायेत, त्याहीले चांगलं आयकू येते. फुकणीचा आवाज बंद झाला, पायलं का? आयकलं त्याहीनं. लिवा तुमी, थांबू नोका.